भोंगा घेऊन औंढ्याला

पहिला दिवस : परभणी, जिंतूर, येलदरी

माझं दुकान रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. पाटीवर आता मोबाईलही लिहिलंय, कारण रेडिओ घेऊन येणारं गिऱ्हाईक वर्षाकाठी दोन-तीन. दिवाळीच्या सुट्टीत भाची दुकानात आली. एमएस्सीला आहे, फिजिक्स. म्हणाली, "मामा, पंधरा सेंटिमीटर व्यासाचा गोल पत्र्याचा डबा हाय का तुमच्याकडं?" मी फळीवरचा स्क्रूचा डबा रिकामा करून दिला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोच डबा घेऊन आम्ही दोघं माझ्या जुन्या गाडीतून फिरलो, त्याची ही हकीकत.

आधी तो डबा. तळापासून नऊ सेंटिमीटरवर एक भोक, त्यातून आत शिरलेली पाच सेंटिमीटरची तांब्याची तार. तार पत्र्याला कुठेही टेकता कामा नये. डब्याच्या तोंडाशी थर्माकोलच्या चार पाकळ्या, त्यांना आतून पोळ्या गुंडाळायचं ॲल्युमिनियम फॉईल चिकटवलेलं. असा चौकोनी भोंगा, तोंड पाऊण मीटरचं. मागे ॲम्प्लिफायर आणि फिल्टर, मग रेडिओ लाटा पकडणारं अंगठ्याएवढं डोंगल, मग लॅपटॉप. ॲम्प्लिफायर तेवढा ऑनलाइन मागवला. बाकी माल माझ्या दुकानातला आणि बहिणीच्या स्वयंपाकघरातला.

यातून पकडायची होती एक लाट, बरोबर वीतभर लांबीची. नेमकं सांगायचं तर २१.१ सेंटिमीटर. आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत थंड हायड्रोजन पसरलेला असतो. त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन कधीतरी कूस बदलतो आणि बदलताना ही लाट सोडतो, १४२०.४ मेगाहर्ट्झवर. एखाद्या अणूला ती कूस बदलायला सरासरी एक कोटी दहा लाख वर्षं लागतात. मी म्हणालो, मग आपण किती दिवस थांबायचं? भाची म्हणाली, "मामा, वारीत एकेक वारकरी वर्षातनं एकदाच शिंकला, तरी तुम्हाला शिंका ऐकूच येत राहतील का नाही?" पटलं. आमच्या लहानपणी परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्झवर लागायची, म्हणजे लाट जवळपास २३० मीटरची. जन्मभर मी तसल्या लांब लाटांशी झटलो. वीतभर लाटेशी गाठ पहिल्यांदाच पडत होती.

भाचीच्या या खटाटोपाला पूर्वज आहे. हार्वर्ड विद्यापीठात यूएन नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने पर्सेल या प्राध्यापकाच्या हाताखाली प्लायवूडचा भोंगा केला, आतून तांब्याचा पत्रा लावला आणि प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढला. खर्चाला मिळाले होते पाचशे डॉलर. पाऊस आला की पाणी भोंग्यातून थेट खोलीत, आणि खालून जाणारी पोरं त्यात बर्फाचे गोळे मारायची. २५ मार्च १९५१ ला त्या भोंग्यात हायड्रोजनची ही लाट जगात पहिल्यांदा सापडली. मला यातलं आवडलं ते पावसाचं पाणी. ज्या यंत्रात पाणी शिरतं ते यंत्र कुणीतरी हाताने केलेलं असतं.

निघण्याआधी सकाळी घराच्या गच्चीवर लावून पाहिलं. पडद्यावर नुसता गोंधळ. समोर टॉवर, खाली शेजाऱ्यांचे सेट टॉप बॉक्स, कोपऱ्यावरच्या दुकानाचे कॅमेरे. कायद्याने १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर राखीव आहे, त्यात कुणीही प्रक्षेपण करायचं नाही. पण बारा रुपयांच्या चार्जरला कायदा कोण वाचून दाखवणार? जगात जर्मनी, भारतात परभणी हे खरं असलं, तरी परभणीतून आकाशगंगा ऐकू येत नाही.

मँचेस्टर विद्यापीठाच्या लॉव्हेल साहेबांचं हेच झालं होतं. लढाई संपल्यावर १९४५ मध्ये लष्कराचं जुनं रडार आणून त्यांनी विद्यापीठाच्या आवारात मांडलं, तर रस्त्यावरच्या विजेच्या ट्रामने सगळं बिघडवलं. मग वनस्पतिशास्त्र विभागाची शहराबाहेर जोड्रेल बँकला जमीन होती, तिथे सामान हलवलं. त्या रानात १९५७ मध्ये रेडिओ दुर्बिणीची ७६ मीटर व्यासाची फिरती थाळी उभी राहिली. तिला वर-खाली फिरवायला भंगारात काढलेल्या दोन युद्धनौकांच्या तोफांची दातेरी चक्रं बसवली आहेत. दुरुस्तीवाल्याचं काळीज हे ऐकून सुखावतं. भाची म्हणाली, आपल्याकडेही कृषी विद्यापीठाची जमीन आहे की. मी म्हणालो, तिथे आधी थंडी मोजू दे. डिसेंबरात आमच्या गावाचं नाव पेपरात येतं ते तिथल्या पाऱ्यामुळेच.

दुपारी निघालो. भोंगा मागच्या सीटवर उभा मावेना, आडवा केला तर डबा खिडकीबाहेर. जिंतूरच्या अलीकडे एका पोलीसदादांनी गाडी थांबवली.

"भोंगा कुठं लावायलेत? परवानगी हाय का?"

"दादा, यातनं आवाज निघत नाही. आत येतो," भाची म्हणाली.

त्यांनी वाकून आत बघितलं, फॉईल बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जा म्हणाले.

जिंतूरला लॉज घेतला आणि संध्याकाळी येलदरी धरणाच्या वरच्या अंगाला गेलो. पाणी काळंभोर, वारा पडलेला, थंडी मात्र मफलरच्या आत शिरणारी. हंस तारकासमूहातला ठळक तारा वायव्येला होता, तिकडे भोंगा रोखला. त्या बाजूने आकाशगंगा जाते. भोंग्याला एका वेळी आभाळाचा साधारण वीस अंशांचा तुकडा दिसतो, म्हणजे हात ताणून वीत पसरली की तेवढाच. वीतभर लाट, वीतभर आभाळ.

पडद्यावर काटेच काटे. कंगव्याच्या दातांसारखे, सारख्या अंतरावर. भाची रडकुंडीला आली. इथे मात्र माझं चाळीस वर्षांचं काम कामी आलं. बिघाड कुठे आहे हे कळायचं असेल तर एकेक वाट बंद करत जायचं. भोंग्याच्या तोंडावर फॉईल लावून ते पूर्ण बुजवलं. काटे तसेच. म्हणजे ते आभाळातून येत नव्हते, घरातलेच होते. लॅपटॉपपासून डोंगल हातभर लांब नेलं, काटे कमी झाले. चोर सापडला. लॅपटॉपचा तो निळा यूएसबी पोर्ट स्वतःच या पट्ट्यात कुरकुर करत होता.

झोपायला जाण्याआधी भाचीने एक गंमत दाखवली. भोंगा आडवा करून म्हणाली, समोर उभे राहा. मी राहिलो. पडद्यावरची रेघ सरळ वर चढली. बाजूला झालो, खाली आली. जे जे गरम आहे ते रेडिओ लाटा सोडतं. जमीन सोडते, झाड सोडतं, माणूसही. "मामा, तुम्ही पण प्रक्षेपण करायलात." कुठलंही लायसन नसताना.

दुसरा दिवस : औंढा नागनाथ आणि आखाडा

सकाळी औंढ्याच्या बाजारात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, तीन मीटरची साधी यूएसबी वायर आणि चहा, या क्रमाने खरेदी झाली. गाडीच्या बॉनेटवर डोंगल त्या डब्यात बसवलं, जुन्या मॉनिटरच्या वायरीवर असतो तो काळा गठ्ठा कापून या वायरीवर चढवला. गॅसवरची डागणी सोबत होतीच. बघ्यांपैकी एकाने विचारलं, "कूलर हाय का?" पुढच्या दोन दिवसांत हा प्रश्न आम्हाला सहा जणांनी विचारला. एकाने डीजे म्हटलं.

मग देऊळ. औंढ्याच्या नागनाथाची गोष्ट आमच्याकडे लेकरालाही ठाऊक असते. नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी मागे राहिला. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघत भाची म्हणाली, जोड्रेल बँकची थाळी फिरते म्हणून कौतुक, इथे दगडाचं देऊळ फिरलं. आमचा भोंगा गरीब. त्याला एका जागी ठेवायचं, आभाळच त्याच्यासमोरून सरकतं.

औंढ्याजवळच लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी पकडणारी वेधशाळा होते आहे. एकमेकींना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २,६०० कोटींची मंजुरी दिली. आम्ही रस्त्यावरूनच बघितलं. ही रेडिओ दुर्बीण नव्हे. गुरुत्वलहर आली की भुजेची लांबी अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी बारीक फरकाने बदलते, तो फरक लेसरने मोजायचा. पण दोघींचं नातं आहे. १७ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेतल्या आणि इटलीतल्या यंत्रांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची धडक टिपली. त्यानंतर कितीतरी महिने त्या जागेची रेडिओ धग जगभरच्या दुर्बिणी मोजत राहिल्या, त्यात आपली खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही होती. लायगोला जमिनीची शांतता हवी, रेल्वे-ट्रकचा हादरा नको. आम्हाला हवेतली शांतता हवी, चार्जर नको. दोन्ही एका जिल्ह्यात शोधायला लोक येतात याची मला मौज वाटली. एरवी इथून माणसं बाहेरच जातात, ऊस तोडायला.

मुक्काम भाचीच्या आत्याच्या आखाड्यावर. आखाडा म्हणजे शेतातलं घर, कुस्तीचा नव्हे, हे परगावच्यांसाठी. चहूकडे तुरी आणि ज्वारी, टॉवर टेकाडाआड. आत्याने बाजरीची भाकरी, ठेचा आणि सोल्यांची आमटी केली. जेवून भोंगा बाजेवर चढवला, उशा लावून कोन धरला. घरातला दिवा आणि टीव्ही बंद. पोरांनी टीव्हीसाठी कुरकुर केली, मग भोंग्याभोवती येऊन बसली.

काटे गेले होते. पण आता दुसरंच. टक. टक. टक. साधारण सेकंदाला एक उभी रेघ, घड्याळ लावल्यासारखी. भाची एकदम ताठ झाली. मी काही विचारायच्या आतच तिने सांगायला सुरुवात केली. केंब्रिज विद्यापीठात १९६७ साली जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला असेच ठोके सापडले होते, दर १.३३ सेकंदाला एक. परग्रहावरची माणसं असतील म्हणून त्यांनी चेष्टेत तसं नावही ठेवलं. निघाला पल्सार, स्वतःभोवती गरगरणारा मेलेला तारा.

"पण तो आपल्या डब्यात यायचा नाही," ती स्वतःच म्हणाली. "त्याला लई मोठी दुर्बीण लागते."

मी भोंगा फिरवला. तुरीकडे तोंड केल्यावर ठोके जोरात. टॉर्च घेऊन बांधावर गेलो. शेजारच्या आबांचं झटका मशीन! रानडुकरांसाठी शेताभोवती तार लावलेली, तिला गवत टेकलेलं, आणि दर ठोक्याला तिथे बारीक निळी ठिणगी. चट. चट.

आबा मचाणावर होते. एक तास मशीन बंद ठेवा म्हटलं तर उसळले. "कामून? तुरी उभ्या हायत. डुकरं काय तुमच्या ग्राफकडं बघून थांबतेत का?"

भाचीने त्यांना केंब्रिजची दुर्बीण सांगितली. तिच्यात थाळी नव्हती. साडेचार एकर रानात हजारावर खांब आणि तारा, विद्यार्थ्यांनी दोन वर्षं घण मारून रोवलेले. आबांनी खांबांतलं अंतर विचारलं. गवताचं काय करायचे, हेही विचारलं. मेंढ्या सोडायचे, हे कळल्यावर ते जरा नरमले. म्हणाले, शहाणी माणसं. मग त्या पोरीला बक्षीस मिळालं का? भाची म्हणाली, नोबेल मिळालं ते १९७४ ला तिच्या सरांना. आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझी बॅटरी चार्ज होईना गेलीय. बघता का?"

चार्जिंगचा सॉकेट आतून सुटला होता. डागणी तापवून दोन टाके दिले. आबांनी मशीन बंद केलं आणि डुकरं येऊ नयेत म्हणून तासभर मचाणावर बसून तेलाचा डबा बडवला. त्या आवाजाचा आम्हाला काडीचा त्रास नव्हता.

साडेआठच्या सुमाराला मोजणी सुरू केली. भाचीने आधी भोंगा जमिनीकडे करून एक नोंद घेतली, वजा-भागाकारासाठी. मग हंसाकडे. पहिली दोन मिनिटं पडद्यावर नुसती थरथर, वाऱ्यावरच्या ज्वारीच्या कणसांसारखी. हे सॉफ्टवेअर हजारो नोंदी एकावर एक रचून त्यांची सरासरी काढतं. थरथर एकमेकींत जिरते, जे खरं असतं ते उरतं. पाचव्या मिनिटाला मध्ये काहीतरी फुगल्यासारखं वाटलं. मी डोळ्यांचा भरवसा धरला नाही. दहाव्या मिनिटाला ते स्वच्छ उभं राहिलं. बैलाचं वशिंड असतं ना, अगदी तसं. चढ सावकाश, माथा गोल, आणि उजवीकडे दुसरं, बसकं.

भाची ओरडली नाही. तिने भोंग्याच्या तोंडावर फॉईल धरायला लावलं. वशिंड गेलं. काढलं, पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा आलं. तीनदा. मग मात्र आत्याच्या गळ्यात पडली, आणि आत्या म्हणाली, "अगं पण झालं काय?"

काय झालं ते मला असं समजलं. एसटी आपल्याकडे येताना हॉर्न बारीक वाजतो, पुढे गेली की जाड. तसंच वायूच्या ढगाचं. मोठं वशिंड आपल्या जवळपासच्या वायूचं. उजवीकडचं बसकं, जास्त वारंवारतेकडचं, म्हणजे आपल्या दिशेने येणाऱ्या वायूचं. तो आकाशगंगेच्या बाहेरच्या फाट्यांमध्ये आहे. सेकंदाला चाळीस किलोमीटरचा वेग असला तर हा हॉर्न सुमारे ०.१९ मेगाहर्ट्झने सरकतो, आणि स्क्रूच्या डब्याला ते कळतं. नुसत्या डोळ्यांना त्या जागी धूसर पट्टा दिसतो. तो येतोय की जातोय हे मोठ्या दुर्बिणीला डोळा लावूनही कळायचं नाही.

शेकोटीभोवती आबाही येऊन बसले. हुरडा भाजला. एवढं करून उपयोग काय, हा प्रश्न त्यांनी विचारला, मीही मनात धरून होतो. भाची म्हणाली, याच लाटेवरून आकाशगंगेचे फाटे काढले, नकाशा काढला. दुसऱ्या दीर्घिकांतला, म्हणजे आपल्यासारख्या दुसऱ्या आकाशगंगांतला हायड्रोजन मोजला, तर काठावरचा वायू मधल्याइतकाच जोरात फिरताना दिसला. मळणीच्या खळ्यावर बैल सारख्याच वेगाने चालले, तर बाहेरचा आतल्याच्या बरोबरीने फेरे पुरे करत नाही, मागे पडतो. वायू त्याहूनही मागे पडायला हवा होता, पण पडत नाही. म्हणजे त्याला धरून ठेवणारं काहीतरी आहे आणि ते दिसत नाही. कृष्णद्रव्य म्हणतात ते. आबा म्हणाले, आमच्या सोसायटीत पण असंच हाय.

मी खोडदला एकदा गेलो आहे, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला, तेव्हा लोकांना आत सोडतात. नारायणगावजवळच्या शेतांमध्ये ४५ मीटरच्या तीस थाळ्या, चौदा मधोमध, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. थाळी म्हणजे पत्रा नव्हे, ताणलेली जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतो तसली. लाट वीतभर किंवा त्याहून लांब असेल तर तिला बोटभर भोकं दिसतच नाहीत, आणि वारा मात्र आरपार जातो. गोविंद स्वरूपांची ही युक्ती. थाळी हलकी झाली, स्वस्त झाली. त्याच माणसाने १९६५ मध्ये कल्याणला सहा-सहा फुटांच्या बत्तीस थाळ्या लावून सूर्य ऐकला होता, त्याही ऑस्ट्रेलियाने वापरून झालेल्या.

रात्री एकला बरोबर डोक्यावर भोंगा लावला. आकाशगंगेच्या मध्याची उलटी बाजू. यावेळी एकच वशिंड, अरुंद, टोकदार. त्या दिशेचा वायू आपल्याकडे येत नाही आणि जातही नाही, आडवा जातो, म्हणून सगळ्यांचा सूर एकच लागतो. आबांचं मशीन केव्हाच पुन्हा सुरू झालं होतं, पण तोंड वर असल्याने ठोके क्षीण आले. ते आम्ही नोंदीत तसेच ठेवले.

तिसरा दिवस : अंबाजोगाई

बेत अंबाजोगाईच्या डोंगरात तिसरी मोजणी घ्यायचा होता. गंगाखेडला गोदावरी ओलांडली, परळीला औष्णिक केंद्राच्या तारांखालून जाताना डोंगल सहज लावून बघितलं आणि लगेच बंद केलं. बालाघाटावर चढलो तेव्हा सूर्य मावळत होता. मुकुंदराजांच्या समाधीकडच्या दरीत वारा नव्हता, पण कड्यांमुळे आभाळ अर्धंच. म्हणून वर पठारावर गेलो. तिथे वारा होता.

पहिल्याच झोतात वरची पाकळी उडाली. थर्माकोल पळसात जाऊन अडकला, फॉईल चांदण्यात चमकत राहिलं. भाची पाच मिनिटं त्याच्यामागे धावली. मी डबा धरून बसलो. खोडदची जाळी आठवली, पण बोललो नाही.

चौथा दिवस : परभणी

सकाळी स्टेशन रोडवर झेरॉक्सच्या दुकानात आलेख छापायला दिले. पोराने कागद हातात घेऊन काळजीने विचारलं, "ईसीजी कुणाचा आहे?"

दोन प्रती काढल्या. एक भाचीच्या विभागाला, एक आबांना. त्यांनी निघताना मागून घेतली होती. खाली तारीख, वेळ, दिशा, मोजणीची मिनिटं असं भाचीने सुवाच्य लिहिलं. स्थळ या शब्दापुढे ती अडली. अक्षांश-रेखांश लिहिणार होती, तर फोनवर आबा म्हणाले, ते आकडे आम्हाला काय कळतेत? गट नंबर टाक.

तिने दोन्ही प्रतींवर गट नंबर टाकला.